गाणारी डबी आणि उंबराखालचं मदतमंडळ

एका जंगलात, मुलांनो, सगळंच्या सगळं फुकट मिळायचं. सावली फुकट, पाणी फुकट, उंबरं फुकट. सल्ला तर इतका फुकट होता की तो चुकवून चालता यावं म्हणून काही जनावरांनी वेगळी पायवाट पाडली होती.

त्या जंगलात प्रत्येकाच्या बिळात, ढोलीत, घरट्यात एकेक संगणक होता. हसू नका. गोष्टीतला सिंह माणसासारखं बोलतो तेव्हा तुम्ही हसत नाही, मग कासवाकडे संगणक असला तर काय बिघडलं? तर संगणक होते, आणि त्या सगळ्या संगणकांवर लिनक्स चालायचं, म्हणजे संगणक चालवणारी फुकटातली प्रणाली.

नदीपलीकडे दुसरं जंगल होतं. तिथल्या वस्तू घेतल्या की मुकाट चालू लागत, पण त्या उघडून आत बघायची सोय नव्हती. अलीकडच्या जंगलात प्रत्येक वस्तू उघडून आत बघता येई. बरेचदा उघडून आत बघितल्याशिवाय ती चालतच नसे. याचा अलीकडच्यांना फार अभिमान होता. मला विचाराल तर तो अगदीच खोटा नव्हता, पण मला कोण विचारतं?

या जंगलाच्या खालच्या तळ्यात धोंडोपंत कासव राहायचे. वय बरंच होतं. किती ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि पाठीवरच्या चकत्या मोजायच्या म्हटलं तर त्यांची मान तिथवर पोचत नसे.

आता कासवांची एक रीत सांगून ठेवतो. उन्हाळ्यात तळं आटतं. आटत आलं की कासव तळाच्या ओल्या चिखलात खोल शिरतं. वरचा चिखल वाळून त्याचं झाकण होतं, आणि खाली कासव पावसाळ्यापर्यंत झोपून राहतं. चार महिने. यात अवघड काही नाही, फक्त झोप लागावी लागते. नाही लागली तर कासव तळमळतं, तळमळलं की वर येतं, आणि वैशाखाच्या उन्हात वर आलेलं कासव पुन्हा खाली जात नाही. त्याचं पुढे काय होतं ते मी सांगणार नाही. तुम्ही लहान आहात.

धोंडोपंतांना झोप लागायची ती मथुराबाईंच्या गाण्यावर. मथुराबाई म्हणजे त्यांची बायको. या बाई बेसूर गायच्या. कुठलंही गाणं त्या एकाच चालीत म्हणत, आणि ती चाल त्यातल्या एकाही गाण्याची नव्हती. पण ती ऐकली की धोंडोपंतांची मान आपोआप कवचात जाई. इतकी वर्षं संसार केला, पण धोंडोपंतांनी बायकोला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. त्यांच्या वेळी तशी पद्धत नव्हती. ‘अहो’, ‘अगं’ एवढ्यावर सगळं भागलं.

चिखलात तोंड उघडून गाता येत नाही. म्हणून अकरा वर्षांपूर्वी, धोंडोपंतांची झोप पहिल्यांदा उडाली तेव्हा, मथुराबाईंनी त्रेचाळीस गाणी संगणकात गाऊन ठेवली. ती एका गाणाऱ्या डबीत उतरवली आणि डबी नवऱ्याच्या पाठीला वेलाने बांधून दिली. डबीतून निघालेली दोरी कानाशी लावायची, की आपलं आपल्याला ऐकू येतं. असे अकरा उन्हाळे सुखात गेले.

गेल्या भाद्रपदात मथुराबाई वारल्या. आठ दिवसांनी डबीही बंद पडली. धोंडोपंतांनी दोघींचंही सुतक पाळलं.

माघ संपत आला आणि तळ्याच्या कडेचा दगड उघडा पडू लागला. एका बगळ्याने नदीपलीकडून नवी डबी आणून दिली. धोंडोपंतांनी ती संगणकाला जोडली.

संगणक म्हणाला, “काहीतरी जोडलंय.”

कूजन म्हणालं, “डबी जोडलेली नाही.”

कूजन हा गाणी वाजवायचा आणि डबीत उतरवून द्यायचा संगणकातला प्रोग्राम. तो लिहिला होता एका सुगरण पक्ष्याने. सुगरण पक्षी कसा असतो ते तुम्हाला माहीत असेल. घरटं विणायला घेतो, अर्धं झालं की ते सोडतो आणि शेजारच्या फांदीवर दुसरं सुरू करतो. कूजनचंही तसंच झालं होतं. ते उत्तम चालायचं, फक्त जिथे संपायला हवं होतं तिथे ते संपलेलं नव्हतं.

धोंडोपंतांनी डबी काढून पुन्हा जोडली. पुसून जोडली. हात जोडून जोडली. मग गाणी स्वतःच उचलून डबीत टाकून बघितली. डबीने ती गिळली, पण वाजवेना. डबीला कळेल अशा रूपात गाणी उतरवणं कूजनलाच जमायचं, आणि कूजनला डबीच दिसत नव्हती.

तेव्हा धोंडोपंत मदतमंडळाकडे निघाले.

मदतमंडळ बसायचं उंबराखाली. तळ्यापासून उंबर एका दिवसाच्या वाटेवर, म्हणजे कासवाच्या चालीने. मंडळात सगळे स्वतःच्या हौसेने आलेले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं, त्यामुळे कुणाला जा म्हणायचीही सोय नव्हती. विसूनाना साळिंदर हे मंडळाचे नियामक. प्रश्न पळसाच्या पानावर लिहून आणायचा, विसूनानांनी तो तपासायचा आणि स्वतःच्या अंगचा एक काटा काढून पान झाडाला टोचायचं, अशी पद्धत होती. काटा काढताना दुखतं. हे विसूनाना प्रत्येकाला सांगत.

धोंडोपंतांनी लिहिलं होतं :

‘सा. न. वि. वि. आपणा सर्वांचे कुशल असेल अशी आशा आहे. मी खालच्या तळ्यातील कासव. नवी डबी संगणकाला जोडली असता ती कूजनला दिसत नाही. आमच्या हिने गायलेली गाणी तीत घ्यावयाची आहेत. ही वारल्यापासून मला झोप नाही. तळ्यात दोन वीत पाणी उरले आहे. कृपया मार्ग सुचवावा.’

विसूनानांनी पान डोळ्यांजवळ नेलं.

“नमस्कार लिहायचा नाही. नियम तीन,” ते म्हणाले आणि पहिली ओळ खोडली. “कुशल विचारायचं नाही. नियम चार. कोण, कुठले, याची गरज नाही. नियम सहा. आणि हे काय, ‘ही वारल्यापासून’?”

“माझी बायको, नाना.”

“ते तांत्रिक नाही. नियम नऊ.” नानांनी तेही खोडलं. “पाणी दोन वीत. म्हणजे तुम्ही घाई करताय. घाई दाखवायची नाही. नियम अकरा.”

आता पानावर उरलं, ‘नवी डबी कूजनला दिसत नाही.’

विसूनानांनी ते दोनदा वाचलं आणि खाली लिहिलं, ‘माहिती अपुरी.’

मंडळात भैरू गवा बसला होता. अंगाने डोंगराएवढा आणि मनाने साधा. त्याने पान वाचलं आणि रवंथ थांबवून म्हणाला, “माझ्याकडं तर चालतंय.”

धोंडोपंतांना आनंद झाला. “कुठली डबी आहे हो तुमची?”

“डबी न्हाई माझ्याकडं.”

“मग?”

“असती तर चालली असती,” भैरू म्हणाला आणि पुन्हा रवंथ करू लागला.

विसूनानांनी विचारलं, “तुमच्या कूजनची आवृत्ती कोणती?”

ते धोंडोपंतांना ठाऊक नव्हतं. आवृत्तीचा आकडा घरी संगणकावर होता. एक दिवस जायला, एक दिवस यायला. तिसऱ्या दिवशी त्यांनी आकडा सांगितला.

“जुनी आहे,” नाना म्हणाले.

“नवी कुठली घेऊ?”

“नवी नाही. ही शेवटचीच. पण जुनी आहे.”

तेवढ्यात सुभी खार वरच्या फांदीवरून उतरली. सुभी दर सोमवारी लिनक्सची नवी तऱ्हा संगणकावर चढवायची आणि आठवडाभर तिची स्तुती करायची. तिच्या संगणकावर काम असं कधी झालं नव्हतं, पण तो नेहमी ताजा असायचा.

“काका, कूजन आता कोण वापरतं?” ती म्हणाली. “तुम्ही असं करा, संगणक सगळा पुसून टाका आणि पहिल्यापासून करा. मी कालच केलं. इतकं मोकळं वाटतं!”

“पुसला तर गाणी?”

“कुठली गाणी?”

“संगणकात आहेत ती.”

“ती जातील,” सुभी म्हणाली. “पण मग डबी दिसेल.”

धोंडोपंतांनी मान जरा आत घेतली. नाही म्हणायला त्यांना संकोच वाटला. पोरगी आपल्यासाठी फांदीवरून खाली आली होती. ते म्हणाले, “दुसरा काही मार्ग असला तर बघ ना बाई.”

सुभीने दुसरा मार्ग दिला. पानावर एक लांबलचक ओळ लिहून दिली आणि सांगितलं, ही संगणकात जशीच्या तशी लिहा. धोंडोपंतांनी घरी जाऊन लिहिली. डबी दिसली नाही, पण संगणकाचा आवाज मात्र पार गेला. आता गाणी डबीत नव्हती आणि संगणकावरही वाजत नव्हती. त्या दिवशी धोंडोपंत खरोखर घाबरले. तळ्यातून बाहेर येऊन ते नुसतेच दगडावर बसून राहिले.

आवाज परत यायला तीन खेपा लागल्या, म्हणजे सहा दिवस. परत आला तेव्हा त्यांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी मंडळाला कमळाचे देठ नेऊन दिले. असं असतं बघा. अडचण जिथल्या तिथे असते, पण मधल्यामध्ये आपण आभार मानून बसतो.

पाणी आता वीतभर होतं.

विसूनाना म्हणाले, “डबी जोडताना संगणकाच्या पोटात नोंद होते. ती आणा. त्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.”

नोंद नऊशे ओळींची निघाली. धोंडोपंतांनी ती चार दिवस बसून पानांवर उतरवली. एकतीस पानं झाली. ती पाठीवर बांधून ते उंबराखाली आले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

विसूनानांनी वरची तीस पानं बाजूला ठेवली. “शेवटची ओळ फक्त हवी होती,” ते म्हणाले.

शेवटची ओळ होती, ‘काहीतरी जोडलंय.’

“म्हणजे संगणकाला दिसतेय,” नाना म्हणाले.

“हो. कूजनला दिसत नाही.”

“हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं.”

धोंडोपंतांनी झाडावरच्या आपल्या पानाकडे बघितलं. पानावर आजही तेवढं एकच वाक्य शिल्लक होतं, आणि ते तेच होतं.

मग मुख्य काम सुरू झालं. नदीपलीकडची, उघडून बघता न येणारी डबी आपल्या जंगलात आणावीच का, यावर सुभीने मत दिलं. आणू नये असं तिचं म्हणणं. विसूनाना म्हणाले, मुळात तिला डबी म्हणणंच चूक आहे, ते उपकरण आहे. भैरू म्हणाला, नाव काहीबी द्या, चाललं म्हंजे झालं. त्यावर ‘चालणं’ कशाला म्हणायचं हा प्रश्न निघाला. दोन दिवसांत त्या पानाखाली एकशे बेचाळीस पानं लागली. विसूनाना एका बाजूने जवळजवळ बोडके झाले.

धोंडोपंत खाली बसून ऐकत होते. त्यांना वाटत होतं, बोलणं फिरत फिरत आपल्या डबीवर येईल. आपल्या एका डबीसाठी एवढी शहाणी मंडळी घसा कोरडा करतायत याचं त्यांना ओशाळवाणंही वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी हळूच विचारलं, “नाना, माझं काय करू?”

विसूनानांनी त्यांच्याकडे बघितलं. हे कोण, ते आठवायला त्यांना थोडा वेळ लागला.

“तुमचा प्रश्न बंद करतोय,” ते म्हणाले. “हाच प्रश्न अकरा वर्षांपूर्वी विचारून झालेला आहे, आणि सुटलेला आहे. जुनी पानं बघून मगच विचारायचं असतं. नियम एक.”

उंबराच्या मागे वाळक्या पानांचा ढीग होता. निम्मा वाळवीने खाल्लेला. धोंडोपंत त्यात शिरले. विसूनानांवर ते रागावले नव्हते. उलट त्यांना बरं वाटलं होतं. प्रश्न सुटलेला आहे म्हणजे उत्तर आहे, आणि उत्तर आहे तर ते इथेच कुठेतरी असणार. सबंध दिवस त्यांनी एकेक पान उलटलं.

पान सापडलं. वर लिहिलं होतं, ‘डबी कूजनला दिसत नाही.’ त्यापुढचं वाक्य खोडलेलं होतं, पण लागत होतं. ‘आमच्या यांना झोप लागत नाही.’

खाली विसूनानांनी विचारलं होतं, आवृत्ती कोणती? भैरूने लिहिलं होतं, माझ्याकडं चालतंय. सुभीच्या आजीने लिहिलं होतं, सगळं पुसून पहिल्यापासून करा. अगदी तळाला दोन वाक्यं होती.

‘सुटलं. मंडळाचे आभार. — मथुरा, खालचं तळं.’

धोंडोपंतांनी ते नाव वाचलं. पुन्हा वाचलं. अक्षर तिचंच होतं.

त्या वर्षीचा माघ त्यांना आठवला. बाई दर दिवसाआड वरच्या तळ्याला बहिणीकडे जाऊन येते म्हणून उंबराच्या वाटेने निघायच्या आणि दमून परतायच्या. शेवाळ वेळेवर पुढ्यात येत नाही म्हणून आपण कुरकुर करायचो. एकदा तर म्हणालो होतो, एवढं काय असतं तुमचं बोलायला? त्या काही न बोलता शेवाळ वाढायच्या. वरच्या तळ्याची वाट उंबरावरून जात नाही, हे तेव्हा आपल्या डोक्यातही आलं नव्हतं.

म्हातारा त्या पानावर डोकं टेकून रडला. कासवाचं रडणं बाहेरून फारसं कळत नाही, म्हणून मी सांगतोय.

आणि मग त्यांना तिचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा. सुटलं म्हणतेस, पण कसं सुटलं? एक ओळ लिहायला काय झालं होतं? घरात तरी सांगून ठेवायचं होतंस. त्रेचाळीस गाणी मागे ठेवलीस आणि किल्ली बरोबर घेऊन गेलीस. असं मनातल्या मनात बोलत ते घरी परतले. वाटेत त्यांनी दोनदा विश्रांती घेतली आणि दोन्ही वेळा हेच बोलले.

तळ्यात चार बोटं पाणी होतं.

मथुराबाईंची जुनी डबी कोनाड्यात होती. आत पाणी गेलेलं, आवाज गेलेला. तिचा आता उपयोग नव्हता. पण हातात घेतलीच होती, म्हणून धोंडोपंतांनी ती संगणकाला जोडली.

संगणक म्हणाला, “काहीतरी जोडलंय.”

कूजन म्हणालं, “डबी जोडली आहे. त्रेचाळीस गाणी आहेत.”

धोंडोपंत बघतच राहिले. मेलेली डबी कूजनला दिसत होती आणि जिवंत डबी दिसत नव्हती.

कासव हळू असतं, मुलांनो, पण त्यामुळे ते काही सोडून पुढे जात नाही. धोंडोपंतांनी दोन्ही डब्या संगणकाच्या पडद्यावर उघडून शेजारी शेजारी लावल्या. दोन्हींत एक गाण्यांचा खण. दोन्हींत एक चित्रांचा खण. सगळं सारखं. त्यांनी वरच्या पट्टीतली एकेक सोय वाचत खाली यायला सुरुवात केली. सतरावी होती, ‘लपलेलं दाखवा’. त्यांनी ती दाबली.

नव्या डबीत काहीच बदललं नाही. जुन्या डबीत एक चिठ्ठी दिसू लागली. चिठ्ठीचं नाव होतं, ‘मी गाणारी डबी आहे’. तारीख अकरा वर्षांपूर्वीची, माघ वद्य त्रयोदशी.

त्यांनी ती उघडली. आत काही नव्हतं. वाट बघितली, तरी काही आलं नाही. चिठ्ठी कोरी होती.

त्यांनी ती कोरी चिठ्ठी उचलली आणि नव्या डबीत ठेवली.

कूजन म्हणालं, “डबी जोडली आहे. काय वाजवायचं?”

झालं होतं असं. सुगरण पक्ष्याचा कुणाच्या रूपावर विश्वास नव्हता. समोर आलेली वस्तू डबी आहे, पेन आहे की नुसतीच गोटी, हे बघायची तसदी त्याला नको होती. म्हणून त्याने कूजनला शिकवून ठेवलं, ज्याच्या पोटात ‘मी गाणारी डबी आहे’ अशी न दिसणारी चिठ्ठी असेल त्याला डबी मानायचं. चिठ्ठीत काही लिहिलेलं असायची गरज नाही. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, कारण तोवर त्याने पलीकडच्या फांदीवर नवं घरटं घेतलं होतं. मथुराबाईंना ते कसं कळलं, कूजनचं पोट उघडून त्या किती दिवस आत बघत बसल्या, हे त्यांनाच ठाऊक.

त्रेचाळीसच्या त्रेचाळीस गाणी डबीत उतरली. धोंडोपंतांनी दोरी कानाशी लावली. बाई नेहमीसारख्याच बेसूर होत्या. धोंडोपंतांची मान आत जायला लागली, ती त्यांनी नेटाने बाहेर काढली.

कारण त्यांच्या मनात आलं, आपलं झालं, पण पुढचा कुणी आला तर? तिने लिहून ठेवलं नाही म्हणून आपण महिना घालवला. तीच चूक आपण करायची? उंबर एक दिवसावर. जायला एक, यायला एक. तळं तेवढं थांबेल.

थांबेल की नाही याची त्यांना खात्री नव्हती. तरी ते निघाले.

त्यांनी एकोणीस ओळी लिहून नेल्या होत्या. आधी काय करायचं, मग काय, लपलेलं कसं दाखवायचं, चिठ्ठीचं नाव काय, ती कोरी असली तरी घाबरू नये, सगळं. सुरुवातीला ‘सुटलं’ लिहिलं, म्हणजे वाचणाऱ्याला धीर यावा. शेवटी ‘मंडळाचे आभार’ लिहिलं, कारण तशी रीत असते.

विसूनानांनी पान डोळ्यांजवळ नेलं.

“‘माझ्या पत्नीच्या जुन्या डबीत’. नियम नऊ,” त्यांनी खोडलं. “‘घाबरू नये’. भावना. नियम दहा. ‘असे वाटते की’. वाटण्याला पुरावा नाही. नियम बारा. लपलेल्या वस्तूंना हात लावायला सांगताय, त्याने कुणाचं नुकसान झालं तर? नियम तेरा. आणि ही कोरी चिठ्ठी. तिच्यात आहे काय?”

“काही नाही, नाना. पण तीच तर खरी गंमत आहे.”

“ज्यात काही नाही त्याविषयी उत्तरात लिहायचं नाही. नियम चौदा.”

“एवढी एक ओळ तरी राहू द्या.”

“आमच्याकडं बिनचिठ्ठीचंच चालतंय,” भैरू गवा मधेच म्हणाला.

विसूनानांनी काम संपवलं. पानाकडे त्यांनी समाधानाने बघितलं आणि धोंडोपंतांपुढे धरलं. पानावर उरलं होतं, ‘सुटलं. मंडळाचे आभार.’

धोंडोपंतांनी ती दोन वाक्यं वाचली. मग त्यांनी विचारलं, “नाना, अकरा वर्षांपूर्वी हाच प्रश्न होता. त्या बाईने किती ओळी आणल्या होत्या?”

विसूनाना खुलले. आपलं जुनं काम कुणी विचारलं की कुणाला बरं वाटत नाही? “अठ्ठावीस,” ते म्हणाले. “चांगलं आठवतं. फार पाल्हाळ होतं. आकृत्यासुद्धा काढल्या होत्या. तीन काटे लागले असते. मीच छाटून नीट केलं. पहिली आणि शेवटची ओळ मात्र तिची चांगली होती.”

“बाई काही म्हणाली?”

“काही नाही. नमस्कार करून गेली. तुमच्यासारखी भांडली नाही.”

धोंडोपंतांनीही नमस्कार केला आणि ते निघाले.

विसूनानांनी दात-ओठ आवळून एक काटा काढला आणि पान झाडाला टोचलं. मग मंडळाची सभा भरली. एकच अवघड प्रश्न मंडळाने दोनदा सोडवला याची नोंद झाली. सुभीने सुचवलं, अशा प्रश्नांसाठी एक वेगळं झाडच राखून ठेवावं. यावर मतं मागवण्यात आली. माझ्या माहितीप्रमाणे ती अजून येतायत.

धोंडोपंत तळ्यावर पोचले तेव्हा तळं नव्हतं. पाणी संपलं होतं आणि चिखलाला तडे जायला लागले होते. ऊन पाठीवर तापत होतं. त्यांनी काठाकाठाने चिखल दाबत फेरी सुरू केली. सगळीकडे तो टणक लागला. शेवटी मधोमध, जिथे मथुराबाई दरवर्षी शिरायच्या, तिथे पंजा रुतला.

आत शिरण्याआधी धोंडोपंत थांबले. एकदा खाली गेलं की चिखलात तोंड उघडता येत नाही, आणि त्यांना एक गोष्ट मोठ्याने बोलायची होती. आजूबाजूला कुणी नाही ना, हे त्यांनी आधी बघून घेतलं.

“मथुरा,” ते म्हणाले, “चुकलं माझं. तू लिहिलं होतंस.”

मग ते खाली गेले. वर चिखल मिटला. डबी सुरू झाली, आणि पहिलं गाणं अर्ध्यावर असतानाच धोंडोपंतांना झोप लागली. बाकीची बेचाळीस गाणी चिखलात एकापाठोपाठ एक वाजत राहिली.

तात्पर्य : बाळांनो, सापडलेलं उत्तर नेहमी थोडक्यात लिहावं. सविस्तर लिहिलं तर ते पुढच्याच्या उपयोगी पडण्याचा धोका असतो. आणि सगळ्यांचे प्रश्न असे सुटत गेले, तर मदत करणाऱ्यांनी उंबराखाली बसून दिवसभर करायचं काय?